भाड्याचं खेळघर : प्रस्तावना

1977 च्या नाताळात अमेरिकेतल्या अनेक मुलांना भेट म्हणून पुठ्ठ्याचं एक चपटं पाकीट मिळालं. आत खेळणं नव्हतं. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट त्या वर्षीच्या मे महिन्यात लागला आणि तुफान चालला. त्यातल्या पात्रांच्या छोट्या बाहुल्या काढण्याचे हक्क सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे होते, पण नाताळापर्यंत साचे तयार होऊन माल दुकानात पोचणं शक्यच नव्हतं. मग कंपनीने आश्वासनच विकायला काढलं. पाकिटात एक प्रमाणपत्र होतं; ते भरून पाठवलं की चार बाहुल्या तयार होताच टपालाने घरी येणार होत्या. सोबत त्या उभ्या करण्यासाठी पुठ्ठ्याचा एक रंगीत देखावा आणि काही स्टिकर. बाहुल्या पोचल्या 1978 उजाडल्यावर.

हा किस्सा विक्रीकलेचा नमुना म्हणून कौतुकाने सांगितला जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. बाहुल्या ज्या दिवशी टपालाने आल्या, त्या दिवशी कंपनीचा आणि त्या मुलाचा संबंध संपला. पुढे त्याने त्या अंगणात पुरल्या, बहिणीच्या बाहुलीघरात पाहुणे म्हणून नेल्या की एकीचे हात तोडून ठेवले, याची खबर सिनसिनाटीला लागण्याचा मार्गच नव्हता. गोष्ट कंपनीने दिली होती, पण तिचं पुढे काय झालं ते फक्त मुलाला माहीत होतं.

2005 च्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या गँझ या कंपनीने ‘वेबकिंझ’ नावाची सॉफ्ट टॉइज बाजारात आणली. कुत्रा, मांजर, बेडूक, हत्ती. दुकानातल्या इतर कापडी प्राण्यांसारखेच. मात्र प्रत्येकाला एक बंद टॅग लावलेला होता आणि टॅगच्या आत एक गुप्त कोड छापलेला होता. संकेतस्थळावर तो कोड टाकला की तोच प्राणी पडद्यावर अवतरायचा. त्याला नाव द्यायचं, दत्तक घ्यायचं आणि त्याच्या संसाराला लागायचं. राहायला एक उघडीबोडकी खोली मिळायची. तिच्यात पलंग हवा, दिवा हवा, तर छोटे छोटे खेळ खेळून ‘किंझकॅश’ नावाचे पैसे जमवायचे. खायला घातलं नाही तर प्राण्याच्या भुकेची पट्टी घसरायची. फार हेळसांड झाली तर तो आजारी पडायचा आणि डॉक्टरकडे न्यावा लागायचा. मरायचा मात्र कधीच नाही. इथवर सगळं गोड होतं. पण खात्याची मुदत वर्षाची होती. वर्षभरात दुकानातून नवा प्राणी, म्हणजेच नवा कोड, आणला नाही तर खातं बंद. कापडी कुत्रा उशाशी असायचा. त्याची खोली, त्याचं सामान, त्याच्या नावावर जमवलेले पैसे यांना कुलूप लागलेलं असायचं.

या पुस्तकाचा विषय हे कुलूप आहे. खेळण्यांचा उद्योग ऑनलाइन खेळाच्या जगात कसा शिरला, तिथे त्याने काय उभारलं, काय गमावलं आणि या सगळ्यात खेळण्याची मालकी मुलाच्या हातून कशी निसटत गेली, याचा शोध इथले लेख घेतात. पूर्वी विक्री झाली की दुकानदार आपल्या वाटेने जात असे. आता तो मुलाच्या खोलीतच मुक्कामाला आहे. मूल काय करतं ते त्याला दिसतं, खेळाचे नियम तो रातोरात बदलू शकतो आणि धंदा परवडेनासा झाला की दार ओढून निघून जाऊ शकतो. माझ्या मते गेल्या पाव शतकात बालपणात झालेला हा फार मोठा बदल आहे आणि त्याच्याबद्दल आपण फारच कमी बोललो आहोत. मुलांनी पडदा किती वेळ बघावा यावर आपल्याकडे घरोघरी वाद होतात. पडद्यापलीकडच्या घराचा मालक कोण, हा प्रश्न त्या वादांत क्वचितच येतो.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने सुरुवातीलाच एक भेद ध्यानात घ्यावा. व्हिडिओ गेमचा उद्योग आणि खेळण्यांचा उद्योग हे एक नव्हेत. गेममध्ये बहुधा नियम, गुण, हारजीत हे सारं आधीच ठरलेलं असतं. बाहुली, ठोकळे, मोटारगाडी यांच्यात हारजीत नसते. काय खेळायचं ते मूल ठरवतं. त्यामुळे खेळण्यांच्या कंपन्या ऑनलाइन आल्या तेव्हा त्यांनी आणल्या त्या सजवायच्या खोल्या, सांभाळायचे प्राणी, बदलायचे कपडे आणि रचायच्या विटा. भटकायचं, नटायचं, घर मांडायचं, कुणीतरी दुसरंच व्हायचं. या पुस्तकात ‘आभासी खेळ’ म्हणताना हेच अभिप्रेत आहे. कंपन्यांनी त्यासाठी जी व्यवस्था लावली ती मात्र बदलत गेली. आधी दुकानातलं खेळणं ही ऑनलाइन जगाची किल्ली होती. पुढे काही जगं अशी निघाली की तीच मूळ खेळणं ठरली आणि प्लास्टिक मागाहून आलं. आता चित्र असं आहे की जग तिसऱ्याच कुणाचं तरी असतं आणि खेळण्यांची मातब्बर कंपनी तिथे गाळा भाड्याने घेते.

या वाटेची पायाभरणी टीव्हीने केली. खेळणी खपावीत म्हणून मालिका काढणं अमेरिकेत एके काळी वादग्रस्त होतं. 1983 मध्ये मॅटेलच्या बाहुल्यांवर बेतलेली ‘ही-मॅन’ ही मालिका आली आणि 1984 मध्ये तिथल्या प्रसारण नियामक आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची वेळमर्यादा उठवली. त्यानंतर खेळणं, मालिका, चित्रपट आणि दप्तरावरचं चित्र यांचा एकच व्यवहार झाला. तरीही टीव्ही एका दिशेने बोलत होता. मुलाने गोष्ट मोडून पुन्हा आपल्या पद्धतीने जोडली तर ते त्याला कळत नव्हतं.

1996 हे वर्ष मला फार आवडतं, कारण त्या वर्षी दोन वेगळ्या वाटा एकदमच फुटल्या. मॅटेलने ‘बार्बी फॅशन डिझायनर’ नावाची सीडी काढली. मुलीने संगणकावर झगा बेतायचा, रंग भरायचे, मग कापडाचा थर असलेल्या खास कागदावर घरच्या प्रिंटरने तो छापायचा, कापून जोडायचा आणि आपल्या बाहुलीला घालायचा. पहिल्या दोन महिन्यांत तिच्या पाच लाखांच्या घरात प्रती खपल्या. खेळाची दिशा इथे पडद्याकडून हाताकडे होती आणि छापलेला झगा मुलीचाच राहत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानच्या बांदाई कंपनीने ‘तामागोची’ आणलं: अंड्याएवढं प्लास्टिक, तीन बटणं, आत एक जीव. तो भूक लागली की पीं पीं करायचा, घाण करायचा आणि लक्ष दिलं नाही तर मरायचा. मुलं तो शाळेत नेऊ लागली आणि अनेक शाळांना त्यावर बंदी घालावी लागली. इथे खेळणंच मुलाला हाक मारत होतं. उद्योगाने पुढे ही दुसरी वाट धरली. पहिली वाट अर्धवट राहिली, याची हळहळ या पुस्तकातल्या एकाहून अधिक लेखांत आहे आणि मलाही ती वाटते.

ऑनलाइन जगांची खरी लाट 1999 पासूनची. त्या वर्षी ब्रिटनमधल्या एका तरुण जोडीने ‘निओपेट्स’ सुरू केलं. कापडी प्राणी नाही, कोड नाही, सगळं फुकट. मोबदल्यात जाहिराती खेळाच्या आतच विणलेल्या. 2005 मध्ये व्हायाकॉमने ते 16 कोटी डॉलरना घेतलं, तेव्हा खेळण्यांच्या कंपन्यांना जाग आली. 2007 मध्ये मॅटेलने ‘बार्बी गर्ल्स’ हे संकेतस्थळ काढलं आणि दोन महिन्यांत तिथे 30 लाख मुलींची नोंदणी झाली. सोबत बाहुलीच्या आकाराचा एमपी-थ्री प्लेअर विकायला होता. तो संगणकाला जोडला की पडद्यावरची जादा दुकानं उघडायची. 2011 मध्ये हे सगळं बंद झालं.

‘क्लब पेंग्विन’ची हकीकत जरा सविस्तर सांगायला हवी. कॅनडातल्या केलोना या गावात तिघांनी मिळून ऑक्टोबर 2005 मध्ये हे बर्फाळ बेट उभं केलं. प्रत्येक मूल एक पेंग्विन. फिरायला पैसे नव्हते. कपडे आणि इग्लूतलं सामान घ्यायचं तर मासिक वर्गणी. जाहिराती नव्हत्या आणि बोलण्यावर कडक पहारा होता. डिस्नेने 2007 मध्ये ते 35 कोटी डॉलर रोख मोजून घेतलं आणि पुढे पेंग्विनची सॉफ्ट टॉइज दुकानात आली, कोडसकट. या बेटावर एक हिमनग होता. सगळ्यांनी एका बाजूला गोळा होऊन, डोक्यावर शिरस्त्राण घालून खोदलं तर हिमनग कलंडतो, अशी आवई मुलांमध्ये उठली. कंपनीने असं काही कधी सांगितलं नव्हतं. तरी वर्षानुवर्षं, एकमेकांचं खरं नावही माहीत नसलेली मुलं तिथे दाटीवाटीने उभी राहून खोदत होती. हा खेळ त्यांनी स्वतः शोधलेला होता, जसा शाळेच्या मधल्या सुट्टीत एखादा खेळ कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. कंपनीने हिमनग शेवटी कलंडवला तो 2017 मध्ये, बेट बंद करण्याच्या निरोपसमारंभात. मार्चअखेरीस सर्व्हर थांबले. त्या हिमनगात या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत: भाड्याच्या घरातही मुलं आपला खेळ मांडतात आणि घर रिकामं करायची तारीख त्यांच्या हातात नसते.

लेगोची गोष्ट याहून बोलकी आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी 1932 मध्ये सुरू झालेली ही कंपनी, 1958 च्या विटेची आजच्या विटेशी सांधेजोड जमते याचा तिला अभिमान. आभासी रचनेच्या जगात ती सहज पहिली यायला हवी होती. ‘लेगो युनिव्हर्स’ हे तिचं भव्य ऑनलाइन जग ऑक्टोबर 2010 मध्ये उघडलं आणि जानेवारी 2012 मध्ये बंद झालं. कारणं अनेक होती, पण एक फार शिकवणारं आहे. मुलांनी रचलेली प्रत्येक वस्तू इतरांना दिसण्याआधी माणसांकडून तपासली जायची, कारण त्या रचनांत अश्लील आकार नाहीत याची हमी पालकांना द्यायची होती. असे आकार संगणकाला ओळखता येईनात आणि तपासनिसांचा खर्च डोंगराएवढा झाला, असं त्या प्रकल्पावर काम केलेल्या एका व्यक्तीने पुढे जाहीरपणे सांगितलं. दुकानातल्या विटांच्या खोक्याबरोबर लेगोने कधी तपासनीस पाठवला नव्हता. ऑनलाइन आल्याबरोबर मुलाने काय रचलं याची जबाबदारी कंपनीवर आली आणि ती पेलेना.

बंद करत असल्याची घोषणा लेगोने नोव्हेंबर 2011 मध्ये केली. त्याच महिन्यात स्वीडनच्या छोट्या मोजांग कंपनीने ‘माइनक्राफ्ट’ची पूर्ण आवृत्ती आणली: चौकोनी ठोकळ्यांचं अफाट जग, सूचनापत्रक नाही, रचा आणि मोडा. लेगोने जे करायला हवं होतं ते दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं. 2012 मध्ये चाहत्यांच्या मतांच्या जोरावर लेगोने माइनक्राफ्टचा पहिला संच काढला, म्हणजे पडद्यावरच्या ठोकळ्यांची प्लास्टिकची नक्कल. 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजांग अडीच अब्ज डॉलरना घेतली. आणि एप्रिल 2022 मध्ये लेगोची मालक असलेल्या किर्कबी या कुटुंबसंस्थेने ‘फोर्टनाइट’वाल्या एपिक गेम्समध्ये एक अब्ज डॉलर गुंतवले. डिसेंबर 2023 पासून लेगोच्या आभासी विटा फोर्टनाइटच्या आत आहेत. स्वतःचं जग उभारण्याचा हट्ट सोडून दुसऱ्याच्या जगात भागीदार व्हायचं, हा निर्णय व्यापार म्हणून शहाणपणाचा होता. मुलांच्या दृष्टीने तो कसा आहे, हे ठरायला वेळ लागेल.

मधल्या काळात खेळणं चौथऱ्यावर ठेवलं की पात्र पडद्यावर जिवंत होतं, असा प्रकार गाजला. 2011 मध्ये ‘स्कायलँडर्स’ने तो सुरू केला, डिस्ने आणि लेगोही त्यात उतरले आणि 2017 पर्यंत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. घरोघरी खणभर बाहुल्या राहिल्या. ‘रोब्लॉक्स’चं बस्तान मात्र याच वर्षांत बसलं. 2006 मध्ये सुरू झालेल्या या जगात लाखो छोटी जगं वापरणाऱ्यांनीच रचलेली आहेत, त्यांतली कितीतरी किशोरवयीन मुलांनी. हॉट व्हील्स आणि बार्बी यांचीही तिथे बिऱ्हाडं आहेत. वाढदिवसाला काय हवं असं विचारलं तर तिथलं चलन मागणारी मुलं आज पुण्यामुंबईतही भेटतात. या व्यवहाराची काळी बाजू अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये मांडली: मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करणं आणि चकव्याच्या बटणांनी खरेदी करायला लावणं, या दोन आरोपांवरून एपिक गेम्सला एकूण 52 कोटी डॉलर भरायला लावले गेले.

आणखी एक धागा आहे तो ऐकणाऱ्या खेळण्यांचा. नोव्हेंबर 2015 मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीतून 60 लाखांहून अधिक मुलांची माहिती चोरीला गेली. नावं, जन्मतारखा, काहींचे फोटो आणि आईवडिलांशी झालेलं बोलणंसुद्धा. फेब्रुवारी 2017 मध्ये जर्मनीने ‘माय फ्रेंड केला’ ही बोलकी बाहुली चक्क लपवलेलं हेरगिरीचं साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली आणि ती निकामी करा असं पालकांना सांगितलं. त्याच महिन्यात ‘क्लाउडपेट्स’ या कापडी प्राण्यांमधून साठवलेली 20 लाखांवर ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली. आई कामावरून मुलाला निरोप धाडते आणि अस्वल तो तिच्याच आवाजात ऐकवतं, एवढीच त्या खेळण्याची माया होती.

या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्यांची घराणी समजून घेतल्याशिवाय पुढचे लेख नीट उमगणार नाहीत. सगळ्यात जुनं घराणं खेळ म्हणजे काय असं विचारणारं. डच इतिहासकार योहान हाउझिंगा याने 1938 च्या ग्रंथात संस्कृतीच्या मुळाशी खेळ आहे असं मांडलं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की याचं 1933 चं विवेचन मला या विषयासाठी अधिक उपयोगी वाटतं. मूल काठीचा घोडा करतं तेव्हा ते वस्तूपासून अर्थ वेगळा काढायला शिकतं, असं तो म्हणतो. पडद्यावरचा घोडा आधीच घोडा असतो, आयाळ आणि टापांच्या आवाजासकट. मग अर्थ वेगळा काढण्याचं काम मूल तिथे कुठे करतं? हिमनगाच्या आवईत, असं एक उत्तर देता येईल.

दुसरं घराणं वस्तूकडे बघणारं. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ याने 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये खेळण्यांवर लिहिलं: मोठ्यांचं जग छोटं करून मुलाच्या हाती दिलं की मूल निर्माता राहत नाही, वापरणारा होतं. अमेरिकेत ब्रायन सटन-स्मिथ याने 1986 च्या ‘टॉइज ॲज कल्चर’मध्ये एक विसंगती दाखवली. आपण खेळणं देतो ते नात्याची खूण म्हणून आणि अपेक्षा करतो की मुलाने ते घेऊन एकट्याने खेळावं. मुलाच्या हातात फोन देणाऱ्या आजच्या प्रत्येक आईबापाने हे वाचावं असं मला वाटतं. त्यात दोष देण्याचा सूर कुठेच नाही.

उरलेल्या दोन घराण्यांत आजचा खरा वाद आहे. एकीकडे कॅनडाचे स्टीफन क्लाइन. 1993 च्या ‘आउट ऑफ द गार्डन’मध्ये त्यांनी बाजाराने मुलांच्या कल्पनेचा ताबा कसा घेतला ते मांडलं. दुसरीकडे शेफील्ड विद्यापीठातल्या जॅकी मार्श. क्लब पेंग्विनमध्ये खेळणाऱ्या मुलांशी बोलून त्यांनी दाखवलं की मुलं तिथेही लपाछपी, लग्न, घरघर असे अंगणातलेच खेळ खेळतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत असं म्हणून सुटका करून घेणं सोपं आहे. कॅनडाच्याच सारा ग्राइम्स यांनी 2021 च्या ‘डिजिटल प्लेग्राउंड्स’मध्ये ती सुटका नाकारली. त्या वापराच्या अटी वाचतात, कुठलं बटण कुठे ठेवलंय ते बघतात आणि विचारतात: संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतल्या कलम 31 ने मुलाला खेळण्याचा हक्क दिला आहे, तो या मैदानावर कसा पाळला जातो? हा संग्रह मुख्यतः या तिसऱ्या प्रश्नाच्या वाटेने जातो.

खेळणं आणि इंटरनेट यांचं नातं फक्त कंपन्यांनीच जोडलेलं नाही. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं काम केलं. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्यापासून त्रिकोण, घन, घराचा सांगाडा कसा करायचा, रद्दी आणि टाकाऊ बाटल्यांतून पंप कसा करायचा, हे त्यांनी पुस्तकांतून आणि चित्रफितींतून दाखवलं. हे सगळं त्यांच्या संकेतस्थळावर अनेक भाषांत फुकट आहे. तिथे खातं उघडावं लागत नाही. काड्या नळीत बसवताना बोट जरा दुखतं, जोड पहिल्यांदा निसटतो, मग नळीचा तुकडा किती लांब कापायचा याचा अंदाज येतो. चित्रफीत बंद केली तरी सांगाडा टेबलावर असतो. बार्बीच्या छापील झग्याची सुटून गेलेली वाट, माझ्या दृष्टीने, इथे पुढे चालू राहिली. खेळण्यांच्या जागतिक इतिहासात या प्रयोगाला जागा मिळत नाही, कारण त्यात उलाढाल नाही. या पुस्तकात त्याला एक पूर्ण लेख दिला आहे.

मराठी वाचकाने हे आत्ता का वाचावं? कोडवाल्या खेळण्यांचा टप्पा आपल्याकडे जवळजवळ आलाच नाही. तुळशीबागेतली भातुकली, सावंतवाडीची लाकडी फळं, क्रॉफर्ड मार्केटमधली चिनी मोटार आणि गोव्याच्या कारखान्यात तयार होणारी फनस्कूलची खेळणी यांच्यावरून आपली मुलं एकदम मोबाईलवर आली. 2016 मध्ये डेटा स्वस्त झाला, 2020 मध्ये शाळा फोनमध्ये शिरली आणि तिच्यामागोमाग खेळही. पश्चिमेत वीस वर्षांत जे टप्प्याटप्प्याने झालं, ते इथे चारपाच वर्षांत झालं. त्यामुळे त्यावर बोलायला शब्द आणि सवड दोन्ही मिळाली नाहीत.

सरकारने दरम्यान खेळण्यांकडे लक्ष दिलं, पण ते प्लास्टिककडे. आयात शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. न्हावाशेवा बंदरात उतरणाऱ्या बाहुलीचा रंग तपासला जातो, त्यात शिसं किती ते पाहिलं जातं, कडा धारदार आहेत का, डोळा उपटून घशात जाईल का, कापड किती लवकर पेटतं, हे सगळं मानकांत आहे. हे काम चांगलं आहे आणि व्हायलाच हवं होतं. पण त्याच बाहुलीच्या पोटात मायक्रोफोन असेल आणि तो मुलाचा आवाज कुठल्या देशातल्या सर्व्हरवर पाठवत असेल, तर रंग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ते कळणार नाही. आणि ज्याला पोटच नाही, जे नुसतं खात्यात येतं, त्या खेळण्याला बंदरच लागत नाही.

2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने यातली एक बाजू हाती घेतली आहे. 18 वर्षांखालील मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळलेली संमती हवी आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. कागदावर ही तरतूद अमेरिकेच्या 13 वर्षांच्या मर्यादेपेक्षा कडक आहे. घरात मात्र संमतीचा ओटीपी ज्या फोनवर येतो तो बहुधा मुलाच्याच हातात असतो. दुसरीकडे जून 2025 मध्ये मॅटेलने ओपनएआयशी करार जाहीर केला. बोलकी बाहुली आता ठरलेली वाक्यं म्हणणार नाही. मुलाने काल काय सांगितलं ते लक्षात ठेवून आज विचारेल. ती दुकानात येण्याआधी, तिला काय विचारण्याचा हक्क आहे, हे ठरवायला हवं आणि त्यासाठी वेळ फार थोडा आहे.

हे पुस्तक पालकांना भीती घालण्यासाठी काढलेलं नाही. फोन काढून घ्या, असा सल्ला इथे सापडणार नाही. इथे लिहिणाऱ्यांचं एकमतही नाही. आभासी खेळघरांनी एकुलत्या मुलांना, आजारपणात घरी अडकलेल्यांना आणि परदेशात एकट्या पडलेल्या मराठी घरांतल्या मुलांना सोबत दिली, असं ठामपणे मांडणारे लेख आहेत आणि त्यांना खोडणारेही. पैशाची पैज लावण्याचे खेळ, ज्यांच्यावर 2025 च्या कायद्याने बंदी आली, ते आम्ही मुद्दाम बाहेर ठेवले, कारण तो प्रश्न जुगाराचा आहे आणि खेळण्यांच्या चर्चेत मिसळला की बाकी सगळं झाकून टाकतो. ई-स्पोर्ट्सही नाहीत. हिंसक गेममुळे मुलं हिंसक होतात का, हा वाद इथे फक्त जाता जाता येतो. वाचक कुठल्याही लेखापासून सुरुवात करू शकतो. शिक्षकांनी मात्र व्हिगोत्स्कीवरच्या लेखापासून करावी आणि खेळणी बनवणाऱ्यांनी लेगो युनिव्हर्सवरच्या.

शेवटच्या भागात आम्ही काही मागण्या मांडल्या आहेत. त्यांतली सगळ्यात साधी खोक्यावरच्या मजकुराची आहे. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून इंटरनेटला जोडलेली वस्तू विकताना, त्यात खेळणीही आली, तिला सुरक्षेच्या सुधारणा किमान किती काळ मिळतील ते जाहीर करणं बंधनकारक आहे. खेळण्यांच्या आपल्या आयएसआय मानकांत अशी ओळ यावी आणि तिच्याशेजारी आणखी दोन छापल्या जाव्यात, असं आमचं म्हणणं आहे: हे खेळणं इंटरनेटशिवाय चालतं का, आणि कंपनीने सेवा बंद केली तर मुलाने रचलेलं त्याला परत कसं मिळेल.